भुईचाफ्यातली रातवी

एका टेकडीच्या पायथ्याला छोटेसे राखीव रान होते, आणि त्या रानात वाळक्या पानांच्या गालिच्यावर एक तरुण रातवी राहत असे. रान इतके छोटे की, या टोकाला कोतवाल पक्ष्याने शीळ घातली तर त्या टोकाच्या हळद्याने मान वळवावी. पण त्यात काही कमी नव्हते. ऐन होते, किंजळ होते, कुडा होता, करवंदीच्या जाळ्या होत्या. फाटकापाशी एक पाटी होती आणि फाटकातून आत शिरणारी एक पायवाट होती.

वैशाखात त्या रानात भुईचाफा फुले. मुलांनो, तुम्ही भुईचाफा पाहिला आहे का? उन्हाने सगळे रान वाळून पापडासारखे झालेले असते, कुठे हिरवे पान औषधाला सापडत नाही, आणि अशा कोरड्या मातीतून एके सकाळी फूल वर येते. खोड नाही, फांदी नाही, पान नाही. नुसते फूल, पांढरे, आत जांभळी छटा असलेले, थेट जमिनीतून उगवलेले. ते बघायला माणसे येत. पक्षी बघायलाही येत. हळू चालत, हळू बोलत, आणि बहुतेक वेळा माना वर करून.

रातवी मात्र कोणालाच दिसत नसे. रातवा हा पक्षीच तसा. तो घरटे बांधत नाही. पानांवरच अंडी घालायची आणि वर बसून राहायचे. रंग असा की पानात पान. दिवसभर डोळे मिटून, किंवा एखाद्या चिरेएवढे उघडे ठेवून, तो जमिनीला चिकटून बसतो आणि संध्याकाळ झाली की पतंग पकडायला उडतो. लपून बसणे हीच त्या कुळाची विद्या, आणि त्या विद्येचा धडा एकच : हलायचे नाही.

हा धडा आमच्या रातवीला तिच्या आत्याने दिला होता. आत्या या विद्येत साऱ्या रानात पहिली. एकदा एक कोळी तिच्या चोचीपासून करवंदीपर्यंत जाळे विणून गेला होता, तरी ती हलली नव्हती. पिल्लांना शिकवताना ती त्यांच्या पाठीवर मुंगळे सोडत असे.

“पीससुद्धा हलता कामा नये,” आत्या म्हणायची.

“पण आत्या, मुंगळा चावला तर?”

“चावू दे.”

“का?”

“आपल्यात हलत नाहीत.”

“आपल्यात का हलत नाहीत?”

“कारण हललेली रातवी वाचल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही.”

“पण कोणी हललंच नाही, तर वाचली असती की नसती, हे ठरवलं कसं?”

यावर आत्या डोळे मिटून घेई. उत्तर संपले की डोळे मिटायचे, ही तिची पद्धत होती.

नियम खोटा नव्हता, हे तरुण रातवीलाही ठाऊक होते. एकदा शिकरा तिच्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसला होता. त्याने खालचे पान न् पान डोळ्यांनी उलटेपालटे केले. ती श्वास रोखून बसली आणि तो कंटाळून उडून गेला. त्या दिवशी तिने मनातल्या मनात आत्याला नमस्कार केला होता. पण नमस्कार केला म्हणून प्रश्न विचारायचे थांबवले नाही. ती तशीच होती.

त्या वैशाखात तिने पहिल्यांदाच अंडी घातली. दोन अंडी, फिकट गुलाबी, वर तपकिरी डाग. ऐनाच्या बुंध्यापासून थोडी दूर, जिथे पाने जाड पसरली होती तिथे. जवळच, किंजळाखाली, तिची आत्येबहीण बसली होती. ही आत्याची लेक, अगदी शांत स्वभावाची, आईने सांगितलेला एकही शब्द खाली न पडू देणारी. तिचीही दोन अंडी होती. दोघी दिवसभर एकमेकींच्या समोर बसत आणि दिवसभर एकमेकींशी बोलत नसत.

मग भुईचाफा आला. दरवर्षी तो पायवाटेच्या कडेकडेने येई. त्या वर्षी कोण जाणे का, तो वाटेवर विरळ आला आणि आत, ऐन-किंजळाखाली, नुसता उसळून आला. तरुण रातवीच्या एका बाजूला पाच फुले, दुसऱ्या बाजूला कळ्यांचा गुच्छ. सुगंध तर असा की तिला बसल्याबसल्या झोप लागावी. तिला ते फार आवडले. फुलांमागोमाग कोण येणार, हे तेव्हा तिच्या ध्यानात आले नाही.

रविवारी सकाळी माणसे आली. पुढे रेवती नावाची एक मुलगी होती. ती लोकांना रान दाखवायचे काम करी. वाटेवर फुले दिसेनात, तेव्हा ती सगळ्यांना घेऊन आत झाडांखाली आली.

“जपून बरं का,” ती सांगत होती. “पायाखाली बघा. इथे कळी आहे. काका, डावीकडून या.”

आणि काका डावीकडून आले. सगळेच त्या कळीला वळसा घालून आले. इतक्यात किंजळावर नवरंग पक्षी बोलला. “नवरंग! नवरंग!” म्हणत सगळ्यांनी माना वर केल्या. पाहता पाहता एक जण मागे सरकला, आणखी थोडा सरकला.

किंजळाखाली आत्येबहीण तेव्हा अंड्यांवर नव्हती. ऊन तिरपे येत होते, म्हणून अंगाची सावली अंड्यांवर पडेल अशी ती शेजारी सरकून बसली होती. बूट तिच्या शेपटीला घासून अंड्यांवर पडला. आवाज झाला, पण पाने चुरगळतात तेवढाच. माणसाला तर काही कळलेही नाही. त्याने नवरंगाचा फोटो काढला, मान हलवली आणि तो सगळ्यांबरोबर निघून गेला.

आत्येबहीण हलली नाही. संध्याकाळपर्यंत ती त्या ओल्या पानांशेजारी तशीच बसून राहिली.

तिन्हीसांजेला सारे कूळ पडलेल्या ओंडक्यावर जमले. मध्ये आजोबा, म्हणजे सगळ्यांत थोरला रातवा. त्यांच्या मिशा पिकल्या होत्या आणि बोलण्याआधी घसा खाकरण्याची त्यांना सवय होती.

“पाहिलंत?” आजोबा म्हणाले. “बूट पिसाला लागला, पण पोरगी हलली नाही! याला म्हणतात वळण.”

“वा!” सगळे म्हणाले. आत्याही म्हणाली, फक्त जरा उशिराने.

तरुण रातवीला राहवले नाही. “आजोबा, अंडी गेली!”

“अंडी पुन्हा होतील. कुळाचं नाव गेलं तर पुन्हा येत नाही.”

“कोणासमोर जाणार होतं नाव? त्या माणसाला आपण तिथे आहोत हेसुद्धा ठाऊक नव्हतं.”

“तेच म्हणतोय मी. त्याला कळलं नाही, म्हणजे आपण जिंकलो.”

“याला जिंकणं म्हणतात?” तिचा आवाज चढला. “शिकरा आपल्याला शोधत येतो. मुंगूस शोधत येतं. त्यांच्यापासून लपायचं, कबूल. पण ही माणसं आपल्याला शोधतच नाहीत. ती फुलं शोधतात. दिसलेल्या फुलावर त्यांचा पाय पडत नाही, मी बघितलंय. न दिसलेल्या अंड्यांवर पडतो. मग आपण जितकं छान लपू, तितके तुडवले जाऊ!”

“तू अजून किती उन्हाळे पाहिलेस, पोरी?”

“थोडेच. तुम्ही पुष्कळ पाहिलेत, आजोबा, पण डोळे मिटून.”

आत्या पुढे सरकली. “जीभ आवर. माणसाला दिसलीस तर पकडून पिंजऱ्यात घालतील. माझ्या आजेसासऱ्यांना घातलं होतं.”

“तू पाहिलंस?”

“नाही. पण सगळे सांगतात.”

तरुण रातवी आत्येबहिणीकडे वळली. “ताई, तू तरी बोल. तुला काय वाटतं?”

आत्येबहिणीने आईकडे पाहिले, मग आजोबांकडे पाहिले, आणि ती पतंग पकडायला उडाली. त्या संध्याकाळी तिने एकही पतंग पकडला नाही. नुसती घिरट्या घालत राहिली.

तरुण रातवी अंड्यांवर परत आली. भांडणात ती जिंकली होती असे तिला वाटत होते, पण जिंकून तिचे समाधान झाले नव्हते. खरोखरच पिंजऱ्यात घातले तर? ते खोटे आहे असे छातीवर हात ठेवून सांगावे, असे तिच्याजवळही काही नव्हते. तिने फक्त एक केले. त्या दिवसापासून डोळ्यांची चीर थोडी रुंद ठेवली. आले-गेले माणूस ती नीट न्याहाळू लागली. कोण फूल तोडते? कोणी तोडले नाही. कोण पक्ष्यामागे धावते? एक लहान मुलगी हळद्यामागे धावली, तर रेवतीने तिला हाताला धरून खाली बसवले आणि म्हणाली, “बसून बघ. मग तो जास्त वेळ थांबतो.” हे रातवीने ऐकून ठेवले.

पुढच्या रविवारी आकाश निवळ होते. वारा पडला होता. ऐनाखाली सावलीचे कवडसे स्वस्थ पडून होते. रेवतीबरोबर त्या दिवशी खळदकर काका आणि काकू आले होते. काकांच्या गळ्यात भला मोठा कॅमेरा होता आणि काकूंच्या हातात काठी.

“अहो, किती वेळ त्या एका फुलापाशी?” काकू म्हणाल्या.

“सगळी फुलं एका फोटोत यायला हवीत,” काका म्हणाले. “थोडं मागे गेलं की येतील.”

“मागे बघून जा म्हणजे झालं. नाहीतर सिंहगडावर गेला होतात तसे.”

“ते वेगळं होतं.”

काका कॅमेऱ्याला डोळा लावून मागे सरकू लागले. एक पाऊल, मग आणखी एक. रातवीला त्यांच्या बुटाची टाच दिसली. टाचेला सुकलेला चिखल होता. ती टाच सरळ तिच्याकडे येत होती.

मुलांनो, भांडताना धीर येणे सोपे असते. तिथे ऐकणारे असतात, आपले म्हणणे खरे असते, रागही मदतीला येतो. इथे कोणी नव्हते. आणि तिचे सगळे अंग, चोचीपासून शेपटीपर्यंत, तिला एकच गोष्ट सांगत होते : हलू नकोस. लहानपणापासून मुंगळ्यांनी तिला तेच शिकवले होते. टाच उचलली गेली. छातीखाली अंडी ऊबदार होती, आणि त्यातल्या एकात काहीतरी सरकल्यासारखे तिला वाटले.

ती हलली.

तिने पंख झाडले, मान वर केली आणि तोंड उघडले. रातव्याची चोच इवलीशी दिसते, पण तोंड कानापर्यंत फाकते, आणि आतून ते गुलाबी लाल असते. त्या तोंडातून तिने असा फुत्कार टाकला की स्वतःच दचकली.

“साप!” काका ओरडले. “साप! साप!” त्यांनी एका पायावर उडी मारली, आणि ते पाठीवर करवंदीच्या जाळीत जाऊन पडले. कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला.

काकू काठी उगारून धावल्या. “कुठेय? कुठेय तो मेला?”

काठी रातवीच्या डोक्यावर आली. आता उडून जावे, असे तिच्या मनात आले. उडाली असती तर ती वाचली असती, पण काठी पानांवर पडली असती. ती उडाली नाही. दोन्ही पंख तिने अंड्यांच्या दोन बाजूंना सपाट पसरले, आपल्या अंगावरचे एक न् एक पीस दिसेल असे, आणि तोंड तसेच उघडे ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा ती पूर्णपणे दिसत होती.

“काकू, थांबा!” रेवतीने काठीच पकडली. “काठी खाली घ्या. साप नाही, पक्षी आहे. अंड्यांवर बसलाय. कोणी हलू नका.”

कोणी हलले नाही. काका जाळीत होते तसेच पडून राहिले. रातवीला गंमत वाटली. हलू नका, हे शब्द ती जन्मभर ऐकत आली होती, पण माणसांना कोणी ते सांगताना तिने कधी ऐकले नव्हते.

“अगं बाई,” काकू हळूच म्हणाल्या. “समोर बसलीय आणि दिसत नव्हती. हे तर पाय देणार होते तिच्यावर!”

“रेवती,” जाळीतून आवाज आला, “एक फोटो काढू? एकच.”

“नाही काका.”

“लांबून?”

“लांबूनही नाही. घाबरलीय ती. आणि आधी तुम्ही बाहेर या, सावकाश, त्या बाजूने.”

काका ओरखडे मोजत त्या बाजूने बाहेर आले. मग रेवतीने सगळ्यांना पायवाटेवर नेले, एक वाळकी फांदी ओढून आत येण्याच्या जागी आडवी टाकली, आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर नवी पाटी लागली : ‘ऐनाखाली जाऊ नये. पक्ष्यांची अंडी आहेत. फुले वाटेवरूनच पाहावीत.’ पिंजरा काही कोणी आणला नाही.

संध्याकाळी ओंडक्यावर आजोबा तरुण रातवीकडे पाठ करून बसले. “कुळाला न शोभणारं,” एवढेच म्हणाले. आत्याने या वेळी डोळे मिटले नाहीत. ती नुसती तिच्याकडे बघत राहिली, आणि मग किंजळाखालच्या रिकाम्या जागेकडे.

थोड्याच दिवसांत अंडी फुटली. पिल्ले पानांच्याच रंगाची, पण चालायला लागताच इकडून तिकडे पळणारी. त्यांना मुंगळ्यांचा धडा द्यावा की नाही, असा प्रश्न तरुण रातवीला पडला. तिने तो दिला. शिकरा काही रान सोडून गेला नव्हता. पण धड्यापुढे आणखी एक धडा जोडला : कोण येत आहे ते आधी बघा.

एकदा पलीकडच्या टेकडीवरचे रातवे पाहुणे आले. त्यांच्यापुढे आजोबा घसा खाकरून सांगत होते, “आमच्या कुळात पूर्वीपासूनच अशी रीत आहे. वेळ आली की आम्ही तोंड उघडतो. माझ्या तरुणपणी तर—” तरुण रातवीने ते ऐकले. उत्तर तिच्या जिभेवर आले होते. पण पिल्ले भुकेली होती आणि पतंग उडायला लागले होते. ती आजोबांना तिथेच सोडून निघून गेली.

आत्येबहिणीने पुन्हा अंडी घातली होती, या वेळी रानाच्या दुसऱ्या टोकाला, कुड्याखाली. तिथे फांदी आडवी नव्हती आणि पाटीही नव्हती. एके सकाळी एक माणूस वाट सोडून कुड्याकडे आला. तिथे उशिरा उमललेले एक फूल होते. ते जवळून पाहायला तो खाली वाकला आणि गुडघा टेकू लागला. आत्येबहीण त्या गुडघ्याच्या बरोबर खाली होती. तिने डोळे मिटले होते. ती हलत नव्हती.

तरुण रातवी पिल्लांपाशी होती, फार लांब. तिला गुडघा दिसला, पण पोहोचणे शक्य नव्हते. तेवढ्यात सारे रान दचकले. भर दिवसा, लख्ख उन्हात, ओंडक्यावरून एका रातवीचा आवाज आला होता.

“ऊठ गं! ऊठ! तोंड उघड!”

तो आत्याचा आवाज होता. ती ओंडक्यावर उभी राहिली होती, पंख पसरून, जो बघेल त्याला दिसेल अशी. माणूस चमकून तिच्याकडे बघू लागला, गुडघा हवेतच. आणि खाली आत्येबहिणीने डोळे उघडले, मान वर केली आणि आयुष्यात प्रथमच तोंड उघडले, अर्धेमुर्धे, भीत भीत.

माणूस झटकन मागे सरला. “अरे बापरे,” म्हणत तो दूर जाऊन उभा राहिला. धोका टळला होता. पण आत्या काही थांबायला तयार नव्हती.

“अजून मोठं!” ती ओरडत होती. “लाजतेस काय? अजून मोठं उघड!”

तात्पर्य : जो आपल्याला शोधत येतो त्याच्यापासून लपावे. पण आपण आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या पायाखाली गप्प बसून राहण्यात शहाणपण नाही, मग तो धडा कितीही वडीलधाऱ्यांनी दिलेला असो.